ऑक्टोबरच्या सुट्टीत आइसलँड: पूर्ण फेरी की दक्षिण किनारा?

प्रेषक: सहल समिती
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

इथल्या ब्रिटनच्या शाळांच्या ऑक्टोबरमधल्या हाफ टर्मला, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीत, आइसलँडला जायचं जवळजवळ ठरलं आहे. पाच कुटुंबांनी होकार कळवला आहे. त्यांपैकी दोघांकडे तेव्हा पुण्याहून आईवडील आलेले असतील, त्यांनाही न्यायचं आहे. बेत असा: लंडनहून विमानाने केफ्लाविक विमानतळ, तिथे दोन नऊ आसनी गाड्या भाड्याने घ्यायच्या आणि रिंग रोडने अख्ख्या देशाला फेरी मारायची. हा रस्ता १,३२२ किलोमीटरचा आहे, म्हणजे सात दिवसांत रोज दोनशेच्या आतच. मुलांना नॉर्दर्न लाइट्स बघायचे आहेत, आजी-आजोबांना हिमनदी. जे जाऊन आले आहेत त्यांनी मुक्काम कुठे करावेत ते कळवा. बुकिंग याच महिन्यात करायचं आहे.

सहल समितीतर्फे

* * *

प्रेषक: हॅरोच्या काकू

बाळांनो, बुकिंग करण्याआधी एवढं वाचाच. आम्ही दोघं तिथे भर उन्हाळ्यातही राहिलो आहोत आणि ऑक्टोबरअखेरही. दोन्हींत इतका फरक आहे की एकाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही.

रोजचे दोनशे किलोमीटर कागदावर सोपे वाटतात. पण ऑक्टोबरच्या शेवटी तिथे सकाळी नऊच्या सुमारास उजाडतं आणि साडेपाचला सूर्य मावळतो. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ९० आहे, खडीच्या रस्त्यावर ८०. वाटेत अरुंद पूल आहेत, त्यांवरून एका वेळी एकच गाडी जाते आणि जो आधी पोचेल त्याने आधी जायचं. शिवाय आपण सगळे डावीकडून चालवणारे, तिथे उजवीकडून चालवायचं. मुलं आणि वडीलधारी बरोबर असताना प्रत्येक धबधब्यापाशी तास-दीड तास जातोच. मग उरलेलं अंतर अंधारात काटावं लागतं आणि ज्यासाठी गेलो ते डोंगर दिसतच नाहीत.

पण माझी खरी काळजी वाऱ्याची आहे. तिथला पाऊस आडवा येतो, छत्री घेऊच नका. वारा इतका असतो की दार उघडताना हातातून सुटलं तर बिजागरीसकट वाकतं, आणि तो खर्च गाडीच्या विम्यात बहुतेक वेळा येत नाही. गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून लावा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा. मुलांना हे आधीच पढवून ठेवा. उंच नऊ आसनी गाडीपेक्षा तीन बुटक्या, चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या घ्या, आणि हिवाळी टायर आहेत ना हे भाड्याच्या दुकानात विचारूनच किल्ली घ्या.

वादळात रस्ते सरळ बंद करतात. रिंग रोडची अडचण इथेच आहे. हा वर्तुळाकार रस्ता पूर्ण झाला १९७४ साली, वात्नायोकुल हिमनदीच्या पायथ्याशी असलेल्या काळ्या वाळूच्या मैदानावर पूल बांधले तेव्हा. त्याआधी आग्नेयेकडच्या होफ्न गावच्या माणसाला रेक्याविकला गाडीने जायचं तर उत्तरेकडून सगळ्या देशाला वळसा घालावा लागे. १९९६ मध्ये बर्फाखालच्या ज्वालामुखीने बर्फ वितळवला आणि त्या पुराने याच मैदानावरचा एक पूल वाहून गेला, दुसरा मोडला. २०११ च्या जुलैमध्ये, ऐन हंगामात, दक्षिण किनाऱ्यावरच्या व्हीक गावाच्या पूर्वेचा मुलाक्विस्ल नदीवरचा पूल गेला. म्हणजे फेरीच्या मध्यावर रस्ता तुटला की परतीची वाट एकच, आलो तीच, आणि विमान तर आपल्यासाठी थांबणार नाही. दक्षिण किनाऱ्याने जाऊन त्याच वाटेने परत आलं तर पुढचा रस्ता बंद झाला तरी आपण विमानतळाच्या बाजूलाच असतो.

म्हणून मी तुम्हाला अगदी आग्रहाने सांगते, या खेपेला फक्त दक्षिण. उत्तरेकडचं आकुरेरी, मीवात्न, व्हेल बघायला हुसाविक हे सगळं उन्हाळ्यासाठी ठेवा, ते कुठे पळून जात नाही. आतल्या पठारावरचे ‘एफ’ क्रमांकाचे रस्ते ऑक्टोबरअखेर बंदच असतात आणि पफिन पक्षी ऑगस्टमध्येच समुद्रावर निघून गेलेले असतात. मुलांना त्यांची आस लावू नका.

दक्षिणेत काही कमी नाही हो. थिंगवेलिरला एक पूर्ण दिवस द्या. इ. स. ९३० मध्ये तिथे उघड्यावर लोकसभा भरायला सुरुवात झाली, आणि १७ जून १९४४ ला प्रजासत्ताकाची घोषणाही आइसलँडच्या लोकांनी मुद्दाम तिथेच केली. उत्तर अमेरिका आणि युरेशिया ही दोन भूपट्टं तिथे वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरने दूर सरकत आहेत. त्या भेगेतली पायवाट चांगली आहे, आजी-आजोबांना सावकाश चालता येईल. पुढे स्ट्रोक्कुर या जमिनीतल्या कारंज्याचं कढत पाणी दर पाच-दहा मिनिटांनी उसळतं, तेव्हा कॅमेरा विसरून नुसतं उभं राहा. गुल्फॉस धबधबा ३२ मीटरचा, दोन टप्प्यांत कोसळणारा. स्कोगाफॉसच्या अगदी पायथ्यापर्यंत सपाट जागा आहे, गुडघेदुखी असलेल्यांनाही जाता येतं. सेल्यालँड्सफॉसच्या मागून जाणारी वाट मात्र ओली आणि निसरडी असते, ती तरुणांसाठी.

रेनिसफ्याराच्या काळ्या किनाऱ्याबद्दल वेगळं लिहिते. तिथे माणसं बुडाली आहेत. समुद्र शांत दिसतो आणि मध्येच एक लाट बाकीच्या लाटांच्या खूप पुढे येऊन पाय ओढते. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, मुलांचा हात सोडायचा नाही, आणि धोक्याचा दिवा लाल असेल तर खाली उतरायचंच नाही. गणपतीपुळ्याला खेळल्यासारखं पाण्यात पाय बुडवायला कुणीही जाऊ नये.

काकू

* * *

प्रेषक: क्रॉयडनचे काका

काकूंशी पूर्ण सहमत. मी फक्त कागदपत्रांचं बोलतो, कारण सहली तिथेच अडकतात.

आइसलँड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना छोट्या सहलीसाठी व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर इथे कायम राहायची परवानगी असूनही शेंगेन व्हिसा लागतोच. कुणाकडे दुसऱ्या शेंगेन देशाने दिलेला बहुप्रवेश व्हिसा शिल्लक असेल, तर तारखा आणि दिवस मोजून तो वापरता येईल. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत करावाच लागतो, पण शेवटच्या महिन्यावर कुणी ठेवू नका. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

पुण्याहून येणाऱ्या आईवडिलांचं आज ठरवा. अर्ज राहत्या देशातून करायचा हा मूळ नियम आहे. इथे पाहुणे म्हणून आल्यावर अर्ज करायला गेलं तर तो घेतीलच याचा भरवसा नसतो. त्यांनी निघण्याआधी भारतातच शेंगेन करून घ्यावा. आमच्या ओळखीत एका आजोबांना ऐनवेळी घरी थांबावं लागलं होतं. सगळे गेले आणि ते एकटे राहिले, ते फार लागलं सगळ्यांना.

* * *

प्रेषक: हाउन्सलोच्या वहिनी

खाण्याचं मी बघते. हॉटेलांपेक्षा स्वयंपाकघर असलेली घरं घ्या. बाहेर जेवण खूप महाग आहे आणि शाकाहारी आजींना रोज सूप-पाव किती दिवस देणार? बोनस नावाच्या स्वस्त दुकानात तांदूळ, बटाटे, अंडी, भाज्या मिळतात. तिथल्या गरम पाण्याच्या काचघरांत पिकलेले टोमॅटो फार गोड असतात. स्कीर म्हणजे आपल्या चक्क्यासारखं, साखर-वेलची घातली की मुलं आवडीने खातात. काही स्कीरमध्ये रेनेट (वासराच्या पोटातलं विरजण) असतं, तेव्हा कडक शाकाहारींनी डबा वाचून घ्यावा. मेतकूट, भाजणी, चिवडा आणि गोडा मसाला इथूनच नेऊ. पिण्याचं पाणी विकत घेऊ नका, नळाचं थंड पाणी उत्तम असतं. नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, त्याने घाबरू नका.

आणखी एक, बायकांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. गावोगावी गरम पाण्याचे सार्वजनिक तलाव आहेत आणि ते सोडू नका. पण पाण्यात उतरण्याआधी कपडे काढून साबणाने अंघोळ करण्याची तिथे सक्ती असते. स्त्री-पुरुषांच्या जागा वेगळ्या असतात, काही ठिकाणी आडोसाही असतो. ज्यांना संकोच वाटेल त्यांनी काठावर बसून गप्पा माराव्यात, कुणी आग्रह करू नये.

* * *

प्रेषक: सहल समिती

काकू, काका, वहिनी, मनापासून आभार. पूर्ण फेरी रद्द. नवा बेत असा: पहिले दोन मुक्काम थिंगवेलिरच्या आसपास, मग दोन व्हीकजवळ. तिथून एका दिवसात योकुलसार्लोन तळ्यातले हिमखंड बघून परत यायचं, जाऊन-येऊन सुमारे ३८० किलोमीटर. तो एकच मोठा दिवस आहे, वारा असेल तर जायचं नाही. शेवटचे दोन रेक्याविकला. ब्लू लगून हा गरम पाण्याचा प्रसिद्ध तलाव ग्रिंडाविक गावाजवळ आहे. २०२३ पासून त्या भागात ज्वालामुखीचे वारंवार उद्रेक झाले आहेत, म्हणून त्याचं आगाऊ आरक्षण करत नाही. नॉर्दर्न लाइट्ससाठी तिथल्या हवामान खात्याचा ढगांचा नकाशा रोज संध्याकाळी बघू आणि आकाश मोकळं असेल त्या रात्री मुलांना उठवू.

रविवारपर्यंत प्रत्येक कुटुंबाने दोन गोष्टी कळवा: कुणाकडे कोणता पासपोर्ट आहे, आणि उजवीकडून गाडी चालवायची सवय कुणाला आहे. तीन गाड्यांना निदान सहा चालक हवेत.