मुशीतले पोलाद आणि पात्यावरची नक्षी

वर एका प्रतिसादात दमास्कसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलवारींच्या पात्यांवरची नक्षी लोखंड व पोलादाचे थर पुन्हा पुन्हा दुमडून ठोकल्यामुळे येते, असे म्हटले आहे. तशी पद्धत युरोपात होती, हे मान्य. मात्र पश्चिम आशियातल्या ज्या तलवारींची कीर्ती झाली, त्यांपैकी पुष्कळ वुट्झच्या, म्हणजे मुशीत (धातू वितळवायच्या मातीच्या भांड्यात) वितळवलेल्या पोलादाच्या होत्या आणि त्यांची नक्षी एकाच लगडीतून उमटते. चर्चेत राहून गेलेली बाब आहे ती मुशीत काय भरत याची. एकोणिसाव्या शतकात जोशिया हीथ या इंग्रज लोखंड-उत्पादकाने दक्षिण भारतातली जी कृती नोंदवली, तीत लोखंडाच्या तुकड्यांबरोबर तरवडाचे वाळलेले लाकूड घालून वर रुईची पाने झाकत आणि मुशीचे तोंड मातीने लिंपून ती भट्टीत ठेवत. (आपल्या माळावर उगवतो तोच तरवड!) शुद्ध लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळते आणि एवढी उष्णता त्या भट्ट्यांना झेपणारी नव्हती, पण लाकूड-पानांतला कार्बन लोखंडात मुरत गेला की त्याचा द्रवणांक उतरतो व सुमारे दीड टक्का कार्बनचे पोलाद हाती येते. लगड सावकाश थंड होताना आणि पुढे बेताच्या तापमानाला ठोकताना कार्बाइडचे, म्हणजे लोखंड व कार्बनच्या कठीण संयुगाचे, कण पट्ट्यापट्ट्यांनी जमतात आणि तीच नक्षी दिसते. व्हॅनेडियमसारख्या धातूचा अंश त्याला मदत करतो, असे आधुनिक प्रयोगांत दिसले आहे. पाते फार तापवले तर कार्बाइड विरघळून नक्षी पुसली जाते. थर दुमडून केलेल्या पात्याच्या बाबतीत हे असे घडत नाही.