मदत हवी आहे: भाच्याच्या उलट्या, गांजा आणि घरातली भीती

नमस्कार मंडळी. भाचा २१ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला, मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतो. गेलं वर्षभर त्याला मधूनमधून उलट्यांचा जोर होतो. पहाटे सुरू झाल्या की घोटभर पाणीही पोटात ठरत नाही. सलाइन लावायची वेळ आली. सोनोग्राफी, एंडोस्कोपी, सगळं नॉर्मल. पित्त म्हणून झालं, परीक्षेचं टेन्शन म्हणून झालं, नजर काढून झाली (ती आईची भर).

एकच विचित्र होतं. उलट्या लागल्या की हा कढत पाण्याच्या शॉवरखाली तासन्‌तास उभा. तेवढ्यापुरतं बरं वाटतं म्हणे. नवीन डॉक्टरांनी हे ऐकलं, आम्हाला बाहेर बसवलं आणि त्याला विचारलं, गांजा ओढतोस का? ओढतो. रोज. बाहेर आल्यावर त्यानेच सांगितलं.

आजाराचं नाव 'कॅनाबिस हायपरएमेसिस', म्हणजे गांजामुळे होणाऱ्या जोराच्या उलट्या. गांजातलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, केमोच्या रुग्णांची मळमळ थांबवतं, पण वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत उलटं होतं. उपाय एकच, पूर्ण बंद. भाच्याला तेच पटत नाही. "मावशी, ओढलं की मळमळ कमी होते. आणि वनस्पतीच आहे, शंकराला चालते." म्हटलं, धोतराही शंकराला वाहतात, खाऊन बघतोस? त्याने इअरफोन घातले.

ताई म्हणते उचलून व्यसनमुक्ती केंद्रात टाकू. भावोजी म्हणतात गप्प बसा, कॅम्पस इंटरव्ह्यू आहेत, पोलिसांपर्यंत जाईल. मला दोन्ही पटत नाही. कुणाच्या घरी असं झालंय का? सोडल्यावर किती दिवस त्रास होतो? आणि पोलिसांचं खरंच काही असतं का?

प्रतिसाद १
आमच्या धाकट्याचं हेच होतं. सोडल्यावर पहिला आठवडा वाईट: झोप नाही, भूक नाही, सतत चिडचिड. दोन-तीन आठवड्यांत उतरतं. उलट्यांचं चक्र थांबायला मात्र महिने लागू शकतात. मधे "एकच जॉइंट" झाला की परत सुरू, हे त्याला डॉक्टरांकडूनच ऐकू द्या. उलट्यांत लघवी कमी झाली तर थेट हॉस्पिटल, किडनीवर येतं.

प्रतिसाद २
१९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात (एनडीपीएस) गांजा ओढणं गुन्हा आहेच, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्यातच कलम ६४अ आहे: व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला तर सेवनासाठी खटल्यापासून संरक्षण मिळतं. म्हणून उचलून टाकू नका, त्याला स्वतः जाऊ द्या. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

धागाकर्ती
दोघांचे आभार. कलमाचं भावोजींना वाचून दाखवते. भाचा फोनवर बोलायला तयार आहे, पण ताईसमोर नाही. तेही चालेल ना?