टू नाइट्स डिफेन्स (बुद्धिबळात काळ्याने दोन्ही घोडे बाहेर काढून खेळायची सुरुवात): एक घोडा जास्त असूनही डाव कसा गेला?

प्रश्न (दर्यापूर तालुका): तालुका स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी माझा डाव असा झाला: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५ डी५ ५. ई×डी५ (× म्हणजे मारणे) घोडा×डी५ ६. घोडा×एफ७ राजा×एफ७ ७. वजीर एफ३ शह. येथे मी राजा ई८ वर परत नेला आणि पुढे डाव सावरलाच नाही. मी खेळ शिकलो तो पारावर, आजोबांकडून, देशी नियमांनी. तिथे प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते, त्यामुळे इतक्या लवकर राजा उघड्यावर येण्याची सवय नव्हती. माझी चूक सातव्या चालीची की आधीची?

उत्तर १: दोन्ही, परंतु मूळ चूक पाचव्या चालीची. ७... राजा ई८ (आकड्यापुढचे टिंब म्हणजे काळ्याची चाल) नंतर डी५ वरच्या घोड्यावर उंट आणि वजीर असा दुहेरी मारा आहे, राखणीला मात्र एकटा वजीर उरतो; ८. उंट×डी५ होताच वजीर एफ७ मात समोर दिसते. ७... राजा ई६ ही चाल पाहताना छातीत धडकी भरते, तरी घोडा राखणारी तीच. मुळात ५... घोडा ए५ खेळून उंटाला हुसकावावे, ६. उंट बी५ शह सी६ ७. डी×सी६ बी×सी६ नंतर एक प्यादे जाते, पण पांढऱ्याला पुन्हा उंट हलवावा लागतो आणि तेवढ्यात आपले मोहरे बाहेर पडतात.

उत्तर २: एवढे पाठांतर नको असेल, तर ३... उंट सी५ खेळावे, मग ४. घोडा जी५ आल्यास वजीर तो घोडा फुकट खातो. देशी सवयीला मात्र दोष देऊ नका. १९व्या शतकात कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी बुद्धिबळपटू जॉन कॉक्रेनविरुद्ध प्यादी एकेक घर सरकवून, उंट लांब कर्णावर बसवून खेळत असत, आणि ‘इंडियन डिफेन्स’ या काळ्याच्या बचावाच्या नावाचा उगम त्या डावांत सांगितला जातो. प्रतिस्पर्ध्याने डी४ खेळल्यास आपण जी६, उंट जी७ अशी पारावरचीच मांडणी करून पाहा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. काल रात्री घोडा ए५ मांडून पाहिले. हरवलेल्या हत्तीच्या जागी ढेपेचा खडा होता. आजोबांनी पट बराच वेळ न्याहाळला आणि एवढेच विचारले, “पण त्याचं प्यादं पहिल्याच चालीला दोन घरं गेलंच कसं?”