लकवा झालेल्या पेशंटला कॉटवरून व्हीलचेअरवर कसं घ्यायचं?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): वडिलांना उजव्या बाजूचा लकवा, वजन 70 किलो. सीपीआर (सरकारी हॉस्पिटल) मधून घरी आणलंय. उचलताना आईची कंबर धरते.

उत्तर १: उचलायचं नाहीच वो! खुर्ची चांगल्या बाजूला, म्हणजे डावीकडं, कॉटला तिरकी लावा. दोन्ही ब्रेक लावा, पायपट्ट्या बाजूला करा. कॉटच्या कडेला बसवून दोन मिनिटं थांबा, चक्कर येते. मग त्यांची पावलं मागं घ्या, अधू गुडघ्याला आपला गुडघा टेकवा, त्यांच्या कमरेला बांधलेला रुंद पट्टा धरा, त्यांना पुढं वाकवून "एक, दोन, तीन"वर उभं करा. काखेत हात घालून ओढू नका. लकव्यात खांदा सैल असतो, निखळतो. गळ्यात हातही टाकू देऊ नका.

उत्तर २: कंबर जाते ती पीळ बसून. पाय रोवून धड वळवू नका, पावलं टाकत वळा. अमेरिकेच्या नायॉश (कामगारांची सुरक्षा-आरोग्य बघणारी) संस्थेच्या सूत्रानं हातानं पेशंट उचलायची मर्यादा 16 किलोच्या आसपास येते, तीही पेशंट साथ देत असेल तर. आईंना एकट्यानं करायला लावू नका.

उत्तर ३: कॉट बुटकी असेल तर खाली खाचेचे लाकडी ठोकळे द्या. मात्र बसल्यावर वडिलांचे तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, नाहीतर घसरतील.