मदत हवी आहे: फक्त ४१ हजार किमी चाललेली पोर्शे ९४४, घ्यावी का? (तातडीचं)

एकच_ध्यास | गुरुवार, रात्री १०:४०
जुनी पोर्शे ९४४ मिळते आहे. लाल, ४१ हजार किलोमीटर, दुसरा मालक. कायम झाकून ठेवलेली, आतून नव्यासारखी. काल चालवून आलो आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. किंमत बाजारातल्या बाकीच्या ९४४ च्या जवळपास दुप्पट सांगतोय, पण त्या सगळ्या दीड-दोन लाख किमी फिरलेल्या आहेत. रविवार संध्याकाळपर्यंत होकार द्यायचाय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. शाळेत वहीच्या मागच्या पानावर हीच गाडी काढत बसायचो. इतक्या कमी रनिंगसाठी दुप्पट मोजावेत का, एवढंच सांगा. हो किंवा नाही. ‘नीट विचार करा’ नको, विचार करून झालाय.

तेलकट_हात | १०:५२
कोणत्या सालची? ९४४ निघाली १९८२ ते १९९१. प्रकार कोणता: साधी आठ व्हॉल्व्हची, एस, एस२ की टर्बो? टायमिंग बेल्ट कधी बदललेत? गाडी किती वर्षं उभी आहे? हे कळल्याशिवाय हो-नाही कुणीच सांगू शकणार नाही.

निळं_छप्पर | ११:०५
मी माझा अनुभव सांगते. याच पैशांत माझदा एमएक्स-५ घ्या, पहिल्या पिढीतली, १९८९ पासूनची. तिच्या १.६ इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाकत नाहीत. बेल्ट बदला, पुढे चला. सुटे भाग मिळतात, आणि छप्पर उघडून जे सुख मिळतं ते बंद गाडीत नाही. माझ्याकडे अकरा वर्षं आहे.

एकच_ध्यास | ११:१०
मी एमएक्स-५ विचारलेली नाही.
@तेलकट_हात: साधी, १९८६. बेल्टचं विचारलं नाही. ४१ हजारात बेल्टला काय होणार आहे?

तेलकट_हात | ११:३१
तिथेच गडबड आहे. बेल्ट रबराचा असतो. तो किलोमीटरने झिजतो तसा नुसत्या वयानेही कडक होतो. या इंजिनात बेल्ट दोन: एक कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा) फिरवतो, दुसरा बॅलन्स शाफ्ट. चार सिलिंडर आणि अडीच लिटर म्हणजे हादरे फार, ते मारायला दोन बॅलन्स शाफ्ट बसवलेत. त्या रचनेचं पेटंट मित्सुबिशीचं होतं, पोर्शेने ते परवान्यावर घेतलं. बॅलन्स शाफ्टचा बेल्ट तुटून कॅमच्या बेल्टमध्ये अडकला तर तोही जातो. आणि कॅमचा गेला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात. मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचं, व्हॉल्व्ह बदलायचे, सगळं आलं.
म्हणून चार-पाच वर्षांनी बेल्ट बदलायचेच, गाडी एक किलोमीटरही न चालो. काल ती चालवलीत तेव्हा बेल्ट कधीचे आहेत हे तुम्हाला माहीत नव्हतं. कृपया पुन्हा सुरू करू नका आणि त्यालाही करू देऊ नका.

पहिला_गियर | ११:४४
इतकं घाबरवू नका हो त्यांना. बेल्ट, होजपाइप, टायर हे पैसे टाकले की नवे मिळतात. मूळ डॅशबोर्ड, मूळ सीटचं कापड, मूळ रंग हे मिळत नाही. उन्हात राहिलेल्या ९४४ चा डॅशबोर्ड तडकतोच, अखंड सापडणं कठीण. कमी चाललेली, मूळ अवस्थेतली गाडी एकदा हातची गेली की गेली. माझं मत: हो, घ्या.

जुनाजाणता | शुक्रवार, सकाळी ६:२०
पहिला_गियर, मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. उभी गाडी झिजत नाही, पण सडते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणूनच ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. त्या पाण्याने कॅलिपरचे (चाकापाशी ब्रेक पॅड दाबणारा भाग) पिस्टन गंजून जाम होतात. टाकीतलं पेट्रोल उडून मागे चिकट थर राहतो, तो इंजेक्टर बुजवतो. ऑइल सील सुकतात आणि गाडी पळायला लागली की गळू लागतात. माझ्याकडे एक कूपे होती, नऊ वर्षं शेडमध्ये उभी, २६ हजार किमी. पहिल्या वर्षभरात पेट्रोलची टाकी, पंप, चारही कॅलिपर, रेडिएटर आणि मागचं मेन सील बदललं. त्याच वर्षी माझ्या भावाने दोन लाख किमी झालेली तशीच गाडी घेतली. दर आठवड्याला चालवलेली. त्याला फक्त टायर बदलावे लागले.

पहिला_गियर | ८:०५
तुम्ही टाकी कोरडी न करता गाडी उभी केली, त्यात कमी रनिंगचा काय दोष? नीट तयारी करून ठेवलेली गाडी वेगळी.

जुनाजाणता | ८:११
आणि अशी तयारी करून ठेवणारे मालक किती असतात? मी तरी फार थोडे पाहिलेत.

चकचकीत | ९:२७
लाल रंगाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. लाल उन्हाने लवकर फिका पडतो. आधी क्ले बार फिरवून पृष्ठभाग साफ करा, मग बारीक कंपाउंड, मग वॅक्स. आच्छादन हवा खेळणारं घ्या, प्लास्टिकचं नको, आत बाष्प धरतं. रंगाची जाडी मोजायचं यंत्र नक्की न्या. कारखान्यातला थर साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा. एखाद्या पत्र्यावर ३०० दिसले तर तिथे दुसऱ्यांदा रंग झालाय, हजारात गेले तर खाली पुट्टी आहे. उजेडातले फोटो टाका, बघून सांगतो.

एकच_ध्यास | ९:५०
पॉलिशचं आत्ता नको आहे मला, गाडी घरी तर येऊ दे. फोटो टाकतोय: जाहिरातीतले सहा, मी काढलेले पाच. गाडी उभी नव्हती, तो ‘अधूनमधून’ चालवतो म्हणाला.

निळं_छप्पर | १०:१५
छान आहे दिसायला. तरी बेल्ट, क्लच, सगळा खर्च धरून एमएक्स-५ शी तुलना करून बघा एकदा. एमएक्स-५ मध्ये बघायचं काय, तर छपराच्या पाण्याच्या नळ्या. त्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पत्र्यात उतरतं आणि तो आतून गंजतो.

तेलकट_हात | १०:२२
ताई, तुमची गाडी चांगलीच आहे, पण त्यांना हवीय ९४४. तिचा गियरबॉक्स मागच्या चाकांपाशी असल्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास सारखं वाटलं जातं. वळणावर ते हातांना जाणवतं. एकदा ते आवडलं की माणूस दुसरीकडे बघत नाही. आता त्याची दुसरी बाजू: क्लच बदलायला मागचा गियरबॉक्स आणि मधली टॉर्क ट्यूब (इंजिन आणि गियरबॉक्स जोडणारी लांब नळी) मागे सरकवावी लागते. त्यात मूळ क्लच प्लेटचा मधला भाग रबराचा, तोही वयाने फुटतो. गियर टाकून हलकेच गाडी सोडताना खालून ‘धप्प’ असा आवाज आला होता का?

एकच_ध्यास | १०:३०
नाही. क्लच उत्तम आहे. गुळगुळीत.

भिंगातून | १०:५८
फोटो मोठे करून पाहिले.
१) क्लचच्या पेडलचं रबर डाव्या कोपऱ्यात पार घासलंय, शेजारचं ब्रेकचं रबर कोरं आहे. ४१ हजारात असं होत नाही. एक नंतर बदललेलं दिसतंय.
२) ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड नव्याने शिवलेली आहे. शेजारच्या सीटच्या शिवणीशी जुळत नाही.
३) महत्त्वाचं. जाहिरातीतल्या फोटोत रीडिंग ४१,२०६. तुमच्या फोटोतही ४१,२०६. तुमचा फोटो चालवण्याआधीचा की नंतरचा?

एकच_ध्यास | ११:०२
नंतरचा. परत आल्यावर काढलाय.

भिंगातून | ११:०३
किती चालवलीत?

एकच_ध्यास | ११:०९
पाऊण तास. हायवेवरही नेली. ३५ किमी तरी झाले असतील.
स्पीडोमीटर व्यवस्थित चालत होता पण. १०० च्या वर काटा गेला होता, मी स्वतः पाहिलं.

तेलकट_हात | ११:२६
काटा चालणारच. त्याला मागच्या सेन्सरकडून विजेने इशारा मिळतो. आकडे फिरवते ती एक छोटी मोटर आणि प्लास्टिकची दातेरी चाकं. त्या काळच्या या मीटरांमधलं ते प्लास्टिक वयाने ठिसूळ होतं आणि दाते गळून पडतात. चालत्या गाडीत ट्रिप मीटर शून्यावर आणला तरी दाता मोडू शकतो. काटा पळतो, आकडे जागच्या जागी. म्हणजे मुद्दाम मागे फिरवलाय असं नाही, पण मीटर बंद आहे आणि कधीपासून ते कुणाला ठाऊक नाही.

पहिला_गियर | ११:३५
मग माझा ‘हो’ मी मागे घेतो. दुप्पट किंमत फक्त त्या आकड्याची होती.

एकच_ध्यास | दुपारी १२:१८
फोन केला. ‘हो, तो कधीकधी अडकतो’ म्हणाला. दोन दिवसांत तीनदा बोलणं झालं, एकदाही हे सांगितलं नव्हतं. फार वाईट वाटलं. मी आज बँकेतून पैसे हलवणार होतो.

जुनाजाणता | १२:४०
अहो, गाडीवर लगेच फुली मारू नका. कागद मागवा. सर्व्हिस बुक, टायरची बिलं, जुन्या तपासण्यांचे दाखले, काहीही. प्रत्येक कागदावर बहुतेक वेळा किलोमीटर लिहिलेले असतात. तारखेप्रमाणे लावा. आकडा कुठे थांबला ते तिथेच दिसेल.

एकच_ध्यास | सायं. ५:४५
त्याने फायलीचे फोटो पाठवले. सर्व्हिस बुकातला शेवटचा शिक्का १९९७ चा, ३८,९५०. मग थेट २००४ चं क्लच बदलल्याचं बिल, त्यावर ४१,२०६. २०११ ला चार टायर, ४१,२०६. २०१६ ला पुढच्या ब्रेक डिस्क आणि पॅड, तेव्हाही ४१,२०६. बेल्टचा एकही कागद नाही.
म्हणजे निदान २००४ पासून आकडा हललेला नाही. आता काय करू? रविवार तोच आहे.

तेलकट_हात | ६:०२
टायर २०११ चे असतील तर ते आधी काढायचे. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल दिसो, इतक्या जुन्या रबरावर १०० च्या वेगाने जायचं नाही.

जुनाजाणता | ६:१४
मला तर ही फाइल आवडली. क्लच बदललाय, डिस्क झिजून बदलल्यात, म्हणजे कुणीतरी ही गाडी खरोखर चालवत होतं आणि तिच्यावर पैसे घालत होतं. काल तुमच्याकडे झाकून ठेवलेली गूढ गाडी होती. आज वापरातली ९४४ आहे. तिला वापरातल्या ९४४ ची किंमत द्या.

पहिला_गियर | ६:२०
या मुद्द्यावर जुनाजाणता यांच्याशी सहमत. रनिंग अज्ञात धरूनच बोला. एक रुपया जास्त नको.

तेलकट_हात | ६:४८
आणि बोलण्याआधी इंजिन तपासा. लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमधून हवा किती निसटते ते मोजायची चाचणी) करणारा, या इंजिनांवर काम केलेला मेकॅनिक स्वतः न्या, विकणाऱ्याचा नको. इंजिन सुरू न करता होते: हाताने फिरवून एकेक पिस्टन वर आणायचा, स्पार्क प्लगच्या भोकातून दाबाने हवा सोडायची, किती टक्के निसटते ते बघायचं. थंड इंजिनात आकडा थोडा जास्त येतो, तो हिशेब मेकॅनिकला कळतो. दहाच्या आत असेल तर उत्तम, वीसच्या पुढे गेलं तर विचारात पडायचं. नुसता आकडा घेऊन येऊ नका, कान लावा. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.
कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून बोट फिरवा. दुधाळ, चिकट साय लागली तर ऑइल कूलरची सीलं गेलीत. इंजिनावरून जाणारे पेट्रोलचे रबरी पाइप वाकवून बघा, भेगा दिसल्या तर बदलेपर्यंत किल्ली फिरवायची नाही, कारण खाली तापलेलं इंजिन असतं. बॅटरी उचलून तिचा ट्रे बघा. पत्रा जस्ताचा थर दिलेला आहे, तरी तिथे गंज धरतो आणि पाणी केबिनमध्ये झिरपतं.

चकचकीत | ७:३०
जाडी मोजायचं यंत्रही न्या हो.

एकच_ध्यास | शनिवार, दुपारी ३:३५
जाऊन आलो. मेकॅनिकने अडीच तास घेतले. थंड इंजिनावर चार सिलिंडर: ७, ९, ८, ९ टक्के. कूलंट स्वच्छ. पेट्रोलच्या एका पाइपला केसासारख्या भेगा. बॅटरीच्या ट्रेखाली हाताच्या पंजाएवढा गंज, भोक नाही. टायरवर ‘१४११’. चकचकीत, तुमचं यंत्रही नेलं होतं: पुढचा डावा पत्रा ३१०, बाकी सगळीकडे १२० च्या आसपास.
मी सगळी यादी त्याच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, इतर गाड्यांचा जो भाव तोच देईन, त्यातूनही बेल्ट, टायर आणि पाइपचा खर्च वजा. तो चिडला. दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतो म्हणाला. मी नंबर ठेवून निघालो. निघताना एकदा वळून बघितलं तिच्याकडे, खोटं कशाला बोलू.

निळं_छप्पर | ४:१०
चांगलं केलंत. धीर लागतो त्याला. एमएक्स-५ बघायची असेल तर माझी चालवून बघा, कधीही.

एकच_ध्यास | रविवार, रात्री ९:१५
त्याचा फोन आला. माझ्या आकड्यापेक्षा किंचित वर, पण ठरलं. गाडी सुरू न करता क्रेनच्या ट्रकवर चढवून थेट मेकॅनिककडे नेतोय. दोन्ही बेल्ट, रोलर, वॉटर पंप आणि पेट्रोलचे सगळे पाइप आधी, किल्ली नंतर. क्लच पेडलचं घासलेलं रबर मी बदलणार नाहीये.
निळं_छप्पर ताई, तुमची गाडी चालवायला येईन खरंच.
एक शेवटचं. मीटरमधली चाकं नवी बसवायची आहेत. मेकॅनिक विचारतोय, आकडा कुठून सुरू करू?

भिंगातून | ९:२१
४१,२०६ वरूनच. अंदाजाने पुढे ढकलू नका. ज्या दिवशी चालू होईल त्या दिवसाची तारीख फायलीत लिहा, शेजारी ‘याआधीचं रनिंग अज्ञात’ असं स्पष्ट लिहून दुरुस्तीचं बिल टाचून ठेवा. पुढे कधी विकलीत तर हा कागद सगळ्यात वर ठेवा.

तेलकट_हात | ९:२६
आणि या सालच्या गाडीत नव्या बेल्टचा ताण काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा तपासावा लागतो. तेवढ्यासाठी तरी मीटर लवकर चालू करून घ्या.