२८ आठवड्यांत जन्मलेल्या लेकीचं वजन वाढणं मंदावलंय, मदत हवी आहे

लेक २८ आठवड्यांची असताना जन्मली, वजन ९८० ग्रॅम. एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी आणली तेव्हा १७०० ग्रॅम होती. आता जन्मून चार महिने झालेत, म्हणजे दिवस भरून झाली असती तर जेमतेम सव्वा महिन्याची. वजन ३१०० ग्रॅम. घरी आल्यावर दिवसाला २०-२५ ग्रॅम वाढायची, गेल्या दोन आठवड्यांत मिळून फक्त १५० ग्रॅम.

दवाखान्यात माझ्या काढलेल्या दुधात फोर्टिफायरची (दुधातलं पोषण वाढवणारी) पावडर घालायचे. डिस्चार्जनंतर ती बंद झाली, आता नुसतं अंगावरचं. दहा मिनिटांत दमून झोपते. उलट्या नाहीत, शी-शू ठीक. व्हिटॅमिन डीचे थेंब चालू आहेत, दुसरं औषध नाही.

सासूबाई गुटी आणि पाणी घालून गाईचं दूध द्या म्हणतात. नवजात तज्ज्ञ दीड तासावर आहेत. लगेच जावं की महिन्याच्या तपासणीपर्यंत थांबावं? पावडर पुन्हा सुरू करता येते का?

– अबोली_०७

मनीमाऊ: ताई, गाईचं दूध आणि गुटी नको, सासूबाईंना माझं नाव सांगा हवं तर! माझा २७ आठवड्यांचा. पाजून झाल्यावर उरलेलं दूध काढून वाटी-चमच्याने द्यायचे, शेवटचं दूध जास्त स्निग्ध असतं. आणि शेजारच्या चार महिन्यांच्या बाळाकडे बघूच नका, तुमची सव्वा महिन्याचीच धरायची.

खडीसाखर (बालरोगतज्ज्ञ): थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. या वयात दिवसाला २०-३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते, तुमची ११ च्या आत आली आहे. पिताना दमते हे मला वजनापेक्षा महत्त्वाचं वाटतं. लोह, कॅल्शियम, फॉस्फरस यांचा बहुतेक साठा बाळाला शेवटच्या तीन महिन्यांत मिळतो, तो काळ हिला पोटात मिळालाच नाही. अशा बाळांना लोह साधारण दोन ते चार आठवड्यांपासून सुरू करतात. तुमच्या लिहिण्यात ते दिसत नाही, विचारा. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांची स्थिती सांगणारी रक्तचाचणी) तपासायला सांगतील. दमण्यामागे छाती किंवा हृदयाचं कारण नाही ना, हेही बघतील. पावडर घरीही देता येते, पण प्रमाण तज्ज्ञांनीच ठरवायचं. स्वतः घट्ट करून देऊ नका.

डोक्याचा घेर आणि लांबीही मोजून घ्या. फेंटन चार्टवर (अकाली बाळांच्या वाढीचा तक्ता) गर्भारपणाचे आठवडे धरून ५० आठवड्यांपर्यंत मांडतात (तुमची आता ४५ मध्ये), पुढे डब्ल्यूएचओचा, दुरुस्त वयाने, म्हणजे दिवस भरून झाली असती तर जे असतं त्या वयाने. श्वास जोरात, ओठ निळसर, पिणंच सोडलं तर लगेच दवाखाना, रात्र असली तरी.

अबोली_०७: डोक्याचा घेर मागच्या वेळी ३५.५ सेंमी होता, त्याआधीचा फाईलमध्ये नाही. डोळ्यांची आरओपी तपासणी (अकाली बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची) झाली, नॉर्मल. लोहाचं कोणी बोललंच नव्हतं. उद्याची वेळ मिळाली आहे.

मनीमाऊ: कानांची बेरा (ऐकू येतं का ते बघणारी चाचणी) झाली का? नसेल तर एकाच फेरीत उरका. आणि लस जन्मतारखेवरूनच देतात हं, तिथे सव्वा महिना धरू नका. आम्हाला एका ठिकाणी उलटं सांगितलं होतं.

अबोली_०७: बेरा राहिली आहे. फाईल घेऊन जाते, रिपोर्ट आले की इथेच टाकते.