लाँचला (जागेवरून सुटताना) पुढचं चाक उचलतं, साठ फुटांचा वेळ दोन सेकंदांखाली येत नाही. रस्त्यावरच्या गाडीचं सेटिंग कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी,

लिटर वर्गातली (हजार सीसीची), चार सिलिंडरची स्पोर्ट्स मोटरसायकल आहे. रोज हीच चालवतो, ड्रॅग स्ट्रिपवरही (सरळ पाव मैलाच्या शर्यतीच्या ट्रॅकवर) हीच नेतो आणि तिच्यावरच बसून घरी परत येतो. त्यामुळे लांब स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), व्हीली बार (पुढचं चाक उचलण्याला अटकाव करणारा मागचा दांडा), स्लिक (बिनखाचांचे) टायर हे पर्याय कृपया सुचवू नका. जे काही करायचं ते स्ट्रिपवर पोचल्यावर हाताने करता यावं आणि निघताना पूर्ववत करता यावं, किंवा रस्त्यावर कायम राहिलं तरी चालण्यासारखं असावं.

पाव मैलाच्या टोकाला ट्रॅप स्पीड (तिथला वेग) चांगला येतो, म्हणजे इंजिनाची तक्रार नाही. अडकतं ते पहिल्या साठ फुटांत (१८.३ मीटर). तिथे २.० ते २.१ सेकंद लागतात. याच वर्गाच्या गाड्या, मूळ स्विंगआर्मवर, १.७ ते १.८ काढताना डोळ्यांनी पाहिल्या आहेत. सुरुवातीला गमावलेला एक दशांश सेकंद शेवटच्या वेळेत दीड-दोन दशांश होऊन बसतो, हे तुम्हाला सांगायला नको.

नेमकं काय होतं ते सांगतो. आरपीएम ६५०० वर धरतो. दिवा हिरवा होतो, क्लच सोडायला लागतो, पकड येते. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिला तर आधी पुढचा फोर्क पूर्ण लांबतो, त्याच वेळी मागची बाजू दबते, आणि मग चाक जमीन सोडतं. थ्रॉटल कमी केला की धपकन खाली येतं. पुन्हा उघडतो, आणि क्लच पूर्ण सुटतासुटता दुसऱ्यांदा उचलतं, पहिल्यापेक्षा जास्त. व्हीली कंट्रोल चालू ठेवलं तर ते इंजिनाची ताकद इतकी कापतं की गाडी अडखळतच निघते, म्हणून लाँचला ते बंद असतं.

गाडीची माहिती: व्हीलबेस १४२० मिमी, स्प्रॉकेट १६/४३ (पुढचे/मागचे दात), पहिल्या गिअरमध्ये कमाल वेग साधारण १५०, केबलचा क्लच. पुढेमागे सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा दाब), कम्प्रेशन (दबण्याला विरोध), रिबाउंड (परत लांबण्याला विरोध) तिन्ही अॅडजस्ट होतात आणि सगळं रस्त्याच्या हिशेबाने लावलेलं आहे. मागचा टायर रस्त्याचाच रेडियल, ३६ पीएसआय.

मला जे विचारायचं आहे ते हे: आधी कशाला हात घालू? कोणी म्हणतं पुढे स्ट्रॅप (फोर्क दाबून धरणारा पट्टा) बांध, कोणी म्हणतं मागच्या स्प्रॉकेटला एक दात वाढव, कोणी म्हणतं हवा वीसवर आण. सगळं एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. पुढचं स्प्रॉकेट १५ दातांचं लावावं का, हेही सांगा.

प्रतिसाद १

स्प्रॉकेटला हात लावू नका. १५/४३ केलंत तर मागच्या चाकावरचा जोर जवळपास ७ टक्के वाढेल, आणि तुम्हाला असलेलाच जोर वापरता येत नाहीये.

हिशेब सोपा आहे. पुढचं चाक कधी उचलणार हे इंजिन ठरवत नाही. स्वारासकट गाडीचा गुरुत्वमध्य मागच्या चाकापासून किती पुढे आहे आणि जमिनीपासून किती उंच आहे, या दोन अंतरांचं गुणोत्तर ते ठरवतं. १४२० च्या व्हीलबेसवर गुरुत्वमध्य साधारण ६८० मिमी पुढे आणि ६८० मिमी उंच धरला, तर १ जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या) त्वरणाला पुढचं चाक हलकं होऊन सुटतं. लिटर गाडीचं इंजिन पहिल्या गिअरमध्ये १.३-१.४ जी सहज देऊ शकतं. म्हणजे मर्यादा उंचीची आहे. तीच उंची ६० मिमी कमी केली तर १.१ जी पर्यंत चाक खाली राहतं.

आता १ जी म्हणजे वेळेत किती? जागेवरून १८.३ मीटर जायला १.९३ सेकंद. पण स्टेजच्या (सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशाच्या) बीममधून चाक बाहेर पडल्याशिवाय घड्याळ सुरू होत नाही, आणि तोवर गाडी फूटभर पुढे आलेली असते. त्यामुळे कागदावर १.७ च्या आसपास दिसेल. तुम्ही जे १.७ पाहिलंत ते याच १ जी चं आहे. म्हणजे गाडीत काहीही न बदलता तुमच्या हाताशी तीन-चार दशांश पडून आहेत.

आणि वर सांगितलेल्या कोणत्याही गोष्टीत रिअॅक्शन टाइम (हिरव्या दिव्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ) धरू नका. तो शर्यत जिंकायला लागतो, पण पाव मैलाच्या वेळेत तो मोजला जात नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. हवेबद्दल एवढंच म्हणेन: पुढचं चाक उचलतंय याचा अर्थ मागच्या टायरला पकड पुरते आहे. मग आत्ताच वीसवर यायची गरज काय? गाडी खाली बसवल्यावर टायर फिरायला लागला, तर तेव्हा दोन-दोन पीएसआयने उतरा. फार उतरलात तर टोकाला, पूर्ण वेगात, मागची बाजू डुलते आणि ते साठ फुटांतल्या कोणत्याही फायद्यापेक्षा महागात पडतं. घरी निघण्याआधी हवा पुन्हा भरायची, टायर थंड झाल्यावर.

बर्नआउटला (लाँचआधी मागचा टायर जागेवर फिरवताना) पाण्याच्या जागेतून जाऊ नका, वळसा घालून पुढे या. स्लिकवाल्यांचं ठीक आहे. तुमच्या टायरच्या खाचांत पाणी अडकून राहतं आणि लाइनवर नेमकं टायरखाली ठिबकतं. कोरड्यावर थोडा वेळ फिरवून खडे आणि धूळ झटकली तरी पुरे.

प्रतिसाद ३

मी क्रम सांगतो, मी स्वतः याच क्रमाने गेलो.

सगळ्यात आधी सस्पेन्शनचे स्क्रू, कारण त्याला खर्च नाही. तुम्हीच लिहिलंय की फोर्क लांबतो आणि मागची बाजू दबते. म्हणजे चाक उचलण्याच्या आधीच गुरुत्वमध्य मागे सरकतोय. पुढचा रिबाउंड पूर्ण आवळा, म्हणजे फोर्क वर यायला वेळ घेईल. मागचं कम्प्रेशन आणि प्रीलोड वाढवा. मूळ क्लिक मोजून टाकीवर टेपच्या तुकड्यावर लिहून ठेवा, नाहीतर परतीच्या वाटेवर खालच्या ट्रिपलला (फोर्क धरणाऱ्या क्लॅम्पला) दर खड्ड्याचा दणका बसेल आणि वळणावर पुढचं चाक नीट चिकटणार नाही.

मग स्ट्रॅप. खालच्या ट्रिपल क्लॅम्पवरून फोर्कच्या तळापर्यंत. ब्रेकच्या नळीला आणि एबीएसच्या वायरीला स्पर्श होता कामा नये. एकाने गाडीवर बसून पुढे वजन टाकायचं आणि दुसऱ्याने पट्टा ओढायचा. फोर्क तळाला टेकवू नका, वीस-पंचवीस मिमी शिल्लक ठेवा, कारण चाक उचलून खाली आलं तर तो धक्का घ्यायला काहीतरी हवं. बांधल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा आणि टायर रेडिएटरला लागत नाही ना तेही बघा. एवढ्याने पुढची बाजू चांगलीच खाली येते. रस्त्यावर मात्र स्ट्रॅप बांधून शंभर मीटरही जायचं नाही.

फुकटात मिळणारी आणखी एक गोष्ट: चेन दोन कड्यांनी लांब घ्या आणि अॅक्सल मागे सरकवा. ५२५ किंवा ५३० च्या चेनची पिच १५.८७५ मिमी असते, त्यामुळे दोन कड्यांनी अॅक्सल साधारण १६ मिमी मागे जातो. अॅडजस्टरच्या खाचेत तेवढी जागा आहे का ते आधी मोजा. फायदा जेमतेम दोन टक्के, पण तो रस्त्यावरही कायम ठेवता येतो.

मागची उंची लिंक (मागच्या शॉकला जोडणारी पट्टी) बदलून कमी करता येते, पण मी ते शेवटी करेन. स्विंगआर्म सपाट होतो, मग ताकद आली की मागची बाजू अधिक दबते, वळणावर एक्झॉस्ट घासतो आणि साइड स्टँडही लांब पडतो. रोज चालवायच्या गाडीला २५-३० मिमीच्या पुढे जाऊ नका.

प्रतिसाद ४

सगळे गाडीबद्दल बोलताहेत, मला क्लचबद्दल बोलायचंय. तुमचं दुसरं उचलणं तिथूनच येतंय.

पहिल्या गिअरमध्ये १३००० ला १५० जात असेल तर ६५०० ला ७५ किमी वेग होतो. १ जी ने ७५ गाठायला सव्वादोन सेकंदांच्या आत-बाहेर लागतात आणि तोवर गाडी बावीस मीटर गेलेली असते. म्हणजे ६५०० धरून निघालात तर साठ फुटांची पूर्ण खूणच क्लच घसरत असताना पार व्हायला हवी. तुमचा क्लच त्याच्या बराच आधी पूर्ण सुटतोय. तो एकदम जुळला की क्रँकमध्ये साठलेली सगळी फिरण्याची ताकद चेनमध्ये उतरते आणि चाक वर.

आरपीएम ५५०० करून पाहा. क्लच साधारण सोळा मीटरवर जुळेल, हाताला कमी वेळ सांभाळावं लागेल. थ्रॉटल स्थिर ठेवायचा आणि सगळं काम डाव्या हाताने करायचं. चाक हलकं वाटलं की थ्रॉटल सोडू नका, लिव्हर नखभर आत घ्या. थ्रॉटल सोडलात की इंजिन खाली येतं आणि परत उघडल्यावर तेच चक्र नव्याने सुरू होतं.

लिव्हर असा लावा की पकड ग्रिपजवळ येईल. लांब पोचलेल्या बोटांनी बारीक नियंत्रण होत नाही. आणि बसण्याची जागा: पुढे सरकून टाकीला चिकटा, छाती टाकीवर, हेल्मेट मीटरच्या वर. दोनशे किलोच्या गाडीवर पंचाहत्तर किलोचा माणूस एक पंजाभर पुढे सरकला तरी गुरुत्वमध्य दोन-अडीच सेंटीमीटर पुढे येतो. कोणत्याही लिंकपेक्षा हे स्वस्त.

सरावाला पूर्ण रन मारू नका. साठ फूट मारा, सोडा, परत या, आणि मध्ये क्लचला थंड होऊ द्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. बावीस मीटरचा हिशेब वाचून व्हिडिओ पुन्हा पाहिला. दुसरं उचलणं खरोखर लिव्हर पूर्ण सुटण्याच्या फ्रेमवरच आहे, खुणेच्या बऱ्याच अलीकडे. तर आधी बसणं आणि ५५०० वर क्लच, गाडीला हात न लावता. मग स्क्रू, मग स्ट्रॅप, आणि प्रत्येक बदलानंतर फक्त साठ फुटांचा वेळ लिहून ठेवणार. स्प्रॉकेट रद्द.

दोन शंका उरल्या. सलग लाँच मारले की लाइनवर गिअरमध्ये गाडी क्लच दाबलेला असूनही पुढे ओढते. हे प्लेटचं की केबलचं? आणि मागची बाजू कधी खाली घेतलीच तर चेनचा ढिलेपणा कुठे मोजू?

प्रतिसाद ४

केबलमध्ये मोकळी चाल जास्त असेल तर लिव्हर दाबूनही क्लचच्या प्लेट पूर्ण वेगळ्या होत नाहीत आणि गाडी ओढते. ती आधी बघा. ठीक असेल तर स्टीलच्या प्लेट काढून काचेवर ठेवा. वाकड्या किंवा निळ्या पडल्या असतील तर बदला. नव्या फ्रिक्शन प्लेट बसवण्याआधी तेलात भिजवून ठेवायच्या, आणि तेल जासो एमए२ (तेलातल्या क्लचसाठीचा दर्जा) चंच.

उलटी गोष्टही लक्षात ठेवा: क्लच तापला की मोकळी चाल बदलते. ती शून्यावर आली तर क्लच प्लेट पूर्ण दाबून धरत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्येही घसरतो. त्यामुळे दर लाँचनंतर लिव्हर हलवून बघायची सवय लावा.

प्रतिसाद ३

चेन कुठे मोजायची ते सांगतो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा अॅक्सल एका रेषेत येतात तिथे चेन सगळ्यात ताणलेली असते. शॉकचा खालचा बोल्ट काढा, चाक हाताने वर उचलून ती रेष गाठा आणि तिथे ढिलेपणा ठेवा. शॉक सुटलेलाच आहे तर चाक तसंच पूर्ण वर नेऊन टायर सीटखालच्या प्लास्टिकला किंवा वायरींना लागतो का तेही त्याच वेळी बघून घ्या.